संशोधनाचे विद्यावेतन

परवा इंद्रपुरीतील एक भगिनी घरी आल्या. चिरंजीव विद्युत अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला. “सर, हा पुढे शिकायचे म्हणतो. आणखी किती वर्षे फी भरायची?” प्रश्न रास्त होता. भेल कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या आमच्या वस्तीत पदवीनंतर नोकरी, हेच समीकरण.

वस्तुतः विद्युत व संगणक अभियांत्रिकीत संशोधन करणाऱ्याला शासनच विद्यावेतन देते, हे पुष्कळ पालकांच्या गावीही नसते. ‘गेट’द्वारे एम.टेक.ला गेलेल्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.च्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे. दोन वर्षांनी काम समाधानकारक ठरल्यास ४२,०००. परदेशच गाठावा असे नाही. भोपाळातच मॅनिट आहे, आयसर आहे. मात्र काम पूर्णवेळ असते, सोबत दुसरी नोकरी चालत नाही, आणि मार्गदर्शकाशी पाच-पाच वर्षे गाठ असते. म्हणून संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शकाचे काम पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाईंनी आकडे पिशवीतल्या कागदावर टिपून घेतले. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या.

“पाच वर्षे! मग लग्नाचे काय, सर?”

त्याविषयीचे परिपत्रक माझ्यापाशी नव्हते.