आवळलेला पट्टा आणि शक्तीचा व्यय

शरीर हाही एक संसारच होय. त्यांतही आय आणि व्यय यांचा मेळ पाहावा लागतो. मांडीच्या मुळाशीं हवेनें फुगणारा पट्टा आवळून, रक्तप्रवाह अंशतः रोधून चालण्याचा जो व्यायाम जपानांतून सर्वत्र पसरला, त्याचा जमाखर्च आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

या युक्तीचे जनक योशिआकी सातो. इ. स. १९६६ मध्यें एका बौद्ध विधीच्या वेळीं बराच काळ गुडघे मोडून बसल्यानें त्यांच्या पोटऱ्या ताठरल्या, व त्यावरून त्यांस ही कल्पना सुचली. तिचें नांव 'काआत्सु'.

अंतर तेंच, वेगही तोच. मग पट्टा बांधल्यानें व्यय कां वाढावा? पट्ट्यामुळें पायांकडून हृदयाकडे परतणारें रक्त अडतें. साहजिकच प्रत्येक ठोक्यास हृदयांतून कमी रक्त बाहेर पडतें, व ती तूट भरून काढण्यासाठीं ठोके वाढतात. स्नायूंस प्राणवायूची टंचाई भासते. कांहीं शक्ति ते प्राणवायूवांचून उत्पन्न करतात, लॅक्टिक आम्ल सांचतें आणि पाय लवकर भरून येतात.

इ. स. २००६ मध्यें सातो व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ पुरुष पट्टा बांधून व नऊ पट्ट्यावांचून, मिनिटास ५० मीटर या संथ गतीनें चालले. एका वेळेस दोन-दोन मिनिटांच्या पांच फेऱ्या, दिवसांतून दोन वेळां, आठवड्यास सहा दिवस, याप्रमाणें तीन आठवडे हा क्रम चालला. साध्या चालण्यास कमाल क्षमतेच्या १७.२ टक्के प्राणवायु लागला, पट्ट्यासह १९.५ टक्के, म्हणजे मूळ खर्चाच्या सुमारें तेरा टक्के अधिक. पट्टेवाल्यांच्या मांडीचे स्नायु ४ ते ७ टक्के वाढले व बळ ८ ते १० टक्के; इतरांचे होते तसेच राहिले.

आतां त्रैराशिक मांडूं. साठ किलो वजनाच्या माणसास या गतीनें दहा मिनिटें चालण्यास अदमासें २५ उष्मांक लागतात. त्याचे तेरा टक्के म्हणजे तीन-सवातीन उष्मांक! प्राणवायूवांचून झालेला व्यय यांत आलेला नाहीं, हें खरें. तथापि त्याच माणसानें पट्ट्यावांचून दुप्पट वेगानें चालावें, तर तेवढ्याच वेळांत सुमारें १५ उष्मांक अधिक जातात.

तात्पर्य, मेद उतरविण्यासाठीं हा पट्टा घेणें व्यर्थ होय. ज्या वृद्धांस अथवा दुखण्यांतून उठलेल्यांस जड श्रम झेपत नाहींत, त्यांच्या स्नायूंस थोड्या श्रमांत बळ यावें, हेंच त्याचें खरें प्रयोजन. मात्र घरांतील नाडी वा रबरी नळी आवळून हा प्रयोग कोणीं करूं नये. ज्यांस रक्तदाब, हृदयविकार किंवा शिरांत रक्त गोठण्याची व्यथा आहे, त्यांनीं तर डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून पट्ट्यास हातही लावूं नये. निरोगी माणसास पट्ट्याची गरजच काय? त्यानें पायांची गति थोडी वाढवावी, म्हणजे झालें.