भिलाईच्या पोलादामागचे डोंगर

छत्तीसगडातल्या बोरसीच्या आसपास सगळी सपाटी. त्यामुळे डोंगरातल्या लोकांचे प्रश्न म्हटलं की इथल्या मराठी घरांतही उत्तराखंडच आठवतो. पण शेजारच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या 1959 पासून जळताहेत त्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतल्या लोहखनिजावर, आणि ते डोंगर इथून शंभर किलोमीटरही लांब नाहीत. तिथलं चांगलं खनिज सरत आलं, तसा कारखान्याचा मोर्चा दक्षिणेला बस्तरातल्या रावघाटाकडे वळला.

या डोंगरांबद्दल सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज लाल पाण्याचा. ‘लोहाचं पाणी, पिकाला चांगलंच की!’ पण खनिजातलं लोह ऑक्साइडच्या रूपात असतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. खाली उतरतो तो खनिज धुतल्यावर उरलेला पिठासारखा गाळ. तो पावसात ओढ्याबरोबर येऊन धानाच्या बांधीत पसरतो, वाळला की वर कडक पापुद्रा धरतो आणि मातीत ना हवा शिरते ना पाणी मुरतं. बांधीत पाणी साचून हवा कोंडली की थोडं लोह विरघळतं खरं, पण ते जास्त झालं की रोपांची पानं तांबूस पडतात, मुळं खुंटतात. बस्तरातच बैलाडिला डोंगरावर 1968 पासून खाण चालते. तिथली शंखिनी नदी लाल पाण्यासाठीच बदनाम झाली.

‘तोडली तेवढी झाडं लावतात ना?’ लावतात, पण बहुधा दुसरीकडे आणि दुसरीच. सालाचं बी आठवडाभरातच रुजायची ताकद गमावतं, म्हणून सालाचं रान रोपवाटिकेतून सहजी उभं राहत नाही. मोहाला फुलं धरायला काही वर्षं जावी लागतात. तोवर मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं टोपली घेऊन जायचं कुठे, हे लागवडीच्या आकड्यांत दिसत नाही.

‘आदिवासींना प्रगती नकोच असते’ हे वाक्य तर मला दल्ली-राजहऱ्यात नेऊन सोडावंसं वाटतं. जून 1977 मध्ये तिथल्या खाणमजुरांवर, ज्यांत कितीतरी आदिवासी होते, गोळीबार झाला, अकरा जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी पदरच्या पैशानं आणि अंगमेहनतीनं 1983 साली शहीद रुग्णालय उभं केलं. शंकर गुहा नियोगी त्यांचे पुढारी. यंत्रांना त्यांचा सरसकट विरोध नव्हता; हजारो हात रिकामे करणारं पूर्ण यांत्रिकीकरण नको, अर्धं यंत्रानं आणि अर्धं हातानं करू, असा पर्याय त्यांनी मांडला होता. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींचा भिलाईत झोपेतच गोळी घालून खून झाला.

खाणींमुळे नुसतं नुकसानच झालं असंही नाही; रेल्वेचंही सांगायला हवं. दल्ली-राजहरा ते रावघाट हा मार्ग मुख्यतः खनिजासाठी आखला गेला, तरी 2022 मध्ये त्यावरच्या अंतागढला प्रवासी गाडी पोचली आणि लोकांची सोय झाली.

राहिलं ‘सरकार आदिवासींना फुकट पोसतं’ हे. 2015 च्या कायद्यानं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्यात पैसा भरायचा तो खाणवाल्यांनी: 12 जानेवारी 2015 आधीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के, नंतर लिलावानं दिलेल्यांवर 10 टक्के. हा पैसा आधी पिण्याचं पाणी, दवाखाने, शाळा आणि प्रदूषण रोखण्याकडे जायचा असतो, रस्ते-पूल त्यानंतर. ग्रामसभेत हिशेब मागताना हा क्रम पाठ असलेला बरा.