आस बदलला, दांड्याचे काय?

अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या रेंजर या पिकअप ट्रकचा मागचा आस काढून, त्या जागी त्याच कंपनीच्या एक्सप्लोरर गाडीचा दणकट आस बसवण्याची पद्धत हौशी मंडळींत रूढ आहे. अनेक रेंजर गाड्यांच्या आसातील मोठ्या दंतचक्राचा व्यास ७.५ इंच, तर एक्सप्लोररच्या आसात तो ८.८ इंच असतो. मग गिअरबॉक्सपासून आसापर्यंत शक्ती नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जुनाच चालेल का? या प्रश्नाचे उत्तर शालेय भूमितीत सापडते.

प्रथम लांबी पाहू. खड्ड्यातून जाताना आस वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र जागेवर राहतो. त्यामुळे दोहोंतील अंतर सतत बदलते. हा बदल सामावण्यासाठी दांड्याचे एक टोक खाचांमध्ये मागेपुढे सरकते. दांडा लांब झाला तर ते टोक गिअरबॉक्सवर आदळते. आखूड झाला तर खाचांची पकड अपुरी पडते आणि धावत्या गाडीतून दांडा निसटू शकतो. म्हणूनच माप घेताना चाके जमिनीवर टेकलेली आणि स्प्रिंगांवर गाडीचा भार असावा लागतो.

आता कोन. दांड्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. आपल्याकडे मेकॅनिक त्याला 'क्रॉस' म्हणतात. अशा एका सांध्यात ३०° कोन असेल आणि अलीकडची बाजू मिनिटाला १००० फेरे या एकसारख्या वेगाने फिरत असेल, तर पलीकडच्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा ८६६ पर्यंत उतरतो व दोनदा ११५५ पर्यंत चढतो. (कोसाइन ३०° = ०.८६६, एकदा गुणावे, एकदा भागावे.) कोन १०° असेल तर हा फरक ९८५ ते १०१५ इतकाच राहतो. दुसरा सांधा हा चढउतार नाहीसा करतो, पण दोन्ही कोन समान असतील आणि दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच प्रतलात असतील तरच. नवा आस तिरका बसला तर गाडी थरथरते आणि बेअरिंगे लवकर झिजतात.

शेवटी वेग. त्याच जाडीच्या नळीचा दांडा ज्या वेगाला धोकादायकरीत्या वाकू लागतो, तो वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दांडा १० टक्के लांब केला, तर ही मर्यादा सुमारे १७ टक्क्यांनी खाली येते. त्यातच आसाचे दंतप्रमाण ३.७३ ऐवजी ४.१० झाले, तर गाडीच्या त्याच वेगाला दांडा १० टक्के जलद फिरतो. म्हणजे दोन्हीकडून सुरक्षिततेचे अंतर घटते.

विद्यार्थ्यांना ५°, १५° व २५° या कोनांसाठी वेगाच्या दोन्ही मर्यादा काढून आलेख काढण्यास सांगावे. दांडा शक्य तितका सरळ का ठेवतात, हे तो आलेखच सांगेल.