कुपीतला आकडा

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. १२ नोव्हेंबर २००६ची पहाट, पावणेचारचा सुमार. कामावरचे मजूर फूटपाथवरच्या आपल्या झोपड्यांपुढे झोपले होते, आणि त्यांच्या अंगावर गाडी आली. सात जण गेले, आठ जखमी झाले. दिवसभर ज्या रस्त्यावर राबायचं, त्याच रस्त्यावरून त्यांचं मरण आलं. गाडी चालवणाऱ्या अ‍ॅलिस्टर परेरा या तरुणाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क सापडला, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तामागे ११२ मिलीग्रॅम. कायद्यानं चालतात ३०.

हा तिसाचा आकडा तसा उशिरा आला. १९८८चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा कलम १८५मध्ये मर्यादाच नव्हती. रक्तात मद्य कितीही थोडं असलं तरी गुन्हा, असं तिथे लिहिलं होतं. वाचायला कडक, पण ‘थोडं’ हे रस्त्यावरच्या हवालदारानं मोजायचं कसं? १९९४च्या दुरुस्तीनं ३० मिलीग्रॅमची रेघ आखली आणि श्वास तपासणारं यंत्र या कलमात आणलं. तरीही पुढची कित्येक वर्षं मुंबईत रात्री कुणाला नळी फुंकायला लावल्याचं मी पाहिलं नाही. लग्नाच्या पार्ट्यांहून परतताना आमचे काका-मामा स्वतःच गाडी चालवायचे. ‘कितीही घेऊ दे, त्याला चढत नाही,’ हे घरात कौतुकानं सांगितलं जायचं. त्या गाड्यांच्या मागच्या सीटवर आम्ही मुलं निर्धास्त झोपून जात असू.

कार्टर रोडच्या चार वर्षं आधी, २८ सप्टेंबर २००२च्या पहाटे, वांद्र्यातच हिल रोडवरच्या एका बेकरीबाहेर झोपलेल्या माणसांवर गाडी चढली होती. एकाचा जीव गेला, चौघे जखमी झाले. आरोपी मोठा अभिनेता असल्यानं खटला गाजला, आणि त्या गाजावाजात रक्ताच्या नमुन्याची गोष्ट मागे पडली. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नमुन्यात ६२ मिलीग्रॅम मद्य असल्याचा अहवाल होता. अपघात पहाटेचा, रक्त घेतलं गेलं दुपारी. किती रक्त काढलं, प्रयोगशाळेत किती पोहोचलं, मधल्या काळात कुपी कुठे होती, कुणी नेली, यातल्या प्रत्येक टप्प्यावर बचाव पक्षानं बोट ठेवलं. मे २०१५मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयानं आरोपीला निर्दोष सोडलं: गाडी तोच चालवत होता हेही सिद्ध झालं नाही आणि तो दारूच्या अमलाखाली होता हेही नाही. अपघाताला तोवर तेरा वर्षं झाली होती.

या खटल्यांत रक्ताची कुपी इतकी नाजूक का, हे समजून घ्यायला हवं. रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलीग्रॅमनं उतरत जाते. म्हणजे पहाटे शंभरावर असलेला माणूस सकाळी दहाला मर्यादेच्या आत दिसू शकतो. म्हणून कायदा सांगतो की पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. रक्त काढल्यावरही घड्याळ थांबत नाही. कुपीत सोडियम फ्लोराइडसारखं द्रव्य नसेल, ती थंड ठेवली नसेल, तर रक्त आंबतं आणि त्यातच मद्यार्क तयार होऊ शकतो. मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. सील, लेबल, सह्या, नोंदवहीतली वेळ ही सगळी कारकुनी वाटणारी कामं आहेत. मेलेल्या माणसाची बाजू न्यायालयात तीच मांडतात.

परेराच्या खटल्यात आकडा टिकला, आणि तरीही न्याय अडखळत आला. एप्रिल २००७मध्ये सत्र न्यायालयानं निष्काळजीपणाचं कलम ३०४ अ लावलं आणि सहा महिन्यांची कैद दिली. सात जिवांना सहा महिने! तेव्हा शहरात उठलेला संताप माझ्या पक्का लक्षात आहे. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, शिक्षा तीन वर्षांवर नेली. १२ जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तीन वर्षं अपुरी आहेत हे त्या न्यायालयानं निकालातच लिहिलं. पण शिक्षा वाढवण्यासाठी राज्य सरकारनं अपीलच केलेलं नव्हतं, म्हणून हात आखडता घेतला. त्या निकालानं एक गोष्ट मात्र पक्की केली. दारू पिऊन, भरधाव, झोपलेल्या माणसांवर गाडी घालणाऱ्याला आपल्या हातून जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं धरता येतं, आणि मग प्रकरण नुसत्या निष्काळजीपणाचं राहत नाही.

रस्त्यावरचा बदल मात्र निकालांच्या आधी सुरू झाला. २००७च्या जूनपासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध सलग मोहीम उघडली. पुढच्या वर्षाअखेरीस माहीमच्या नाकाबंदीवर माझी गाडी थांबवली गेली. हवालदारानं पिशवीतून नवी नळी काढली, यंत्राला लावली, म्हणाला, ‘साहेब, जोरात. मी सांगेपर्यंत थांबू नका.’ मी प्यालेलो नव्हतो, तरी छातीत धडधडलं. शेजारी एक गृहस्थ बॅरिकेडला टेकून कुणाला तरी फोन लावत होते. त्यांचा परवाना पोलिसाच्या हातात होता. त्या वर्षापासून आमच्या घरात पार्टीला निघताना ‘आज गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न आधी ठरू लागला. काकाही टॅक्सीनं येऊ लागले. माणसं एकदम शहाणी झाली असं मी म्हणणार नाही. पकडले जाऊ ही भीती खरी झाली, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सर्वांत जास्त जीव तिनंच वाचवले असतील. त्याची किंमत पोलिसांनीही मोजली. जानेवारी २०१०मध्ये मरीन ड्राइव्हवर नाकाबंदीच्या ठिकाणीच एक गाडी घुसली. एक पोलीस आणि एक मोटारसायकलस्वार गेले.

पुढचे बदल झपाट्यानं सांगता येतील. एप्रिल २०१७पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गांलगतची दारूची दुकानं ५०० मीटर मागे हटली, लहान गावांत २२० मीटर. काही महिन्यांत शहरांच्या हद्दी त्यातून सुटल्या. १ सप्टेंबर २०१९ला नवी दुरुस्ती लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला २ हजारांचा दंड १० हजार झाला, सहा महिन्यांची कैद होती तीच राहिली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही तेव्हाच आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसी त्रासापासून मिळालेलं संरक्षण मला या सगळ्यात मोलाचं वाटतं, त्याची चर्चा मात्र फार कमी झाली. कोरोनात नळी बंद पडली. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली आणि निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली.

त्याच्या दीड महिना आधी, १९ मेच्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता. गाडीची नोंदणी १,७५८ रुपये न भरल्यानं अडून राहिली होती. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला आणि त्याच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. देश त्या निबंधावर चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. मी मात्र पुढच्या आठवड्यातल्या बातमीनं जास्त हादरलो. ससून रुग्णालयात घेतलेल्या रक्ताच्या अहवालात दारू आढळली नव्हती. पोलिसांनी खबरदारी म्हणून औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. त्याचा डीएनए वडिलांशी जुळला, ससूनमधल्या नमुन्याचा जुळला नाही. २७ मेला ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. कुपीत मुलाच्या आईचं रक्त भरलं गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे.

हिल रोडच्या खटल्यात कुपी कुठून कुठे गेली यावर वाद झाला होता. तिथे निदान ६२ हा आकडा कागदावर होता. कार्टर रोडच्या कागदांत ११२ आहे. कल्याणीनगरच्या कागदांत त्या पहाटेचा आकडा नाही. मुलाच्या रक्ताचा मूळ नमुना, पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी तेव्हा सांगितल्याप्रमाणे, रुग्णालयाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून देण्यात आला होता.