व्हिसाची रांग आणि छातीचा फोटो

मालवण किनाऱ्याला वाट पाहणे नवीन नाही. घरातला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला, की मागे राहिलेली आई-बायको पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. आता आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकून आणखी दूर जाऊ लागली आहेत. कुणाचा नवरा अमेरिकेत आहे, कुणाची लेक तिथे नागरिक झाली आहे. अशा घरांत वाट पाहायची ती मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीच्या पत्राची.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. कायमचे राहायला जाण्याचा, म्हणजे इमिग्रंट व्हिसा हवा असेल, तर मुलाखतीआधी वैद्यकीय तपासणी होते. तिच्या भीतीने घराघरांत एक चूक होते. खोकला लपवला जातो.

रांग इतकी लांब का?

अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलला आणि भारतासारख्या देशांना कुटुंबाच्या नात्याने तिथे स्थायिक होण्याची वाट मोकळी केली. पण बहुतेक नात्यांना दरवर्षी ठरावीकच व्हिसा मिळतात. नागरिकाच्या भावाबहिणींसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५ हजार. शिवाय कुठल्याही एका देशाला एकूण व्हिसांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. म्हणून भारतातल्या भावासाठी किंवा बहिणीसाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागायला पंधरा वर्षांहून अधिक काळ जातो. नागरिकाचा नवरा, बायको, आईवडील आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुले यांना मात्र ही वार्षिक मर्यादा नाही. त्यांचे काम कागदपत्रांच्या गतीने चालते.

म्हणजे काही घरांत वाट महिन्यांची असते, तर काही घरांत अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेले मूल आज कॉलेजात जाते. एवढ्या काळात माणसाचे वय वाढते, साखर वाढते, छाती कमजोर होते. तब्येतीकडे लक्ष देण्याचा काळ हाच आहे. पत्र आल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

तपासणीत काय होते?

ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चालत नाही. दूतावासाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच ती करावी लागते. मुलाखतीची तारीख मिळाली की वेळ घ्यायची. अहवाल साधारण सहा महिनेच चालतो, काही जणांचा तीनच महिने. म्हणून फार आधी करून ठेवण्यात अर्थ नाही, अगदी शेवटच्या दिवसावर ढकलण्यातही नाही.

डॉक्टर जुने आजार विचारतात, अंग तपासतात. १५ वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाचा छातीचा फोटो काढतात. भारतासारख्या क्षयरोग जास्त असलेल्या देशांत २ ते १४ वर्षांच्या मुलांची रक्तचाचणी होते. वयानुसार गुप्तरोगांच्या चाचण्या असतात. कातडीवरचे बधिर चट्टेही पाहतात, कारण उपचार न घेतलेला संसर्गजन्य कुष्ठरोग त्यांच्या यादीत आहे. एचआयव्ही मात्र २०१० च्या जानेवारीपासून या यादीतून वगळला आहे. त्या एका कारणाने कुणाला अडवत नाहीत.

फोटोत डाग दिसला तर?

"डाग दिसला तर व्हिसा गेला का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर आहे: नाही, पण थांबावे लागते.

फोटोत शंका आली, किंवा लक्षणे असली, तर लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकीचे नमुने घेतात. ते नुसते दुर्बिणीखाली बघून भागत नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढतो का, हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ जातो. तेव्हा मालवणहून तपासणीला जाणाऱ्याने मुंबईत एका दिवसाचा हिशोब धरू नये. कुडाळ किंवा कणकवलीहून गाडी पकडून सकाळी उतरायचे आणि रात्रीच्या गाडीने परत, हे नेहमी जमेलच असे नाही. गरज पडली तर नातेवाइकांकडे तीन-चार दिवस राहता येईल, अशी सोय आधीच विचारून ठेवावी.

क्षयरोग निघाला, तर पॅनेल डॉक्टर सांगतील त्या केंद्रात, कुणाच्या तरी नजरेसमोर रोज गोळ्या घेऊन पूर्ण कोर्स करावा लागतो. नेहमीच्या क्षयरोगाला साधारण सहा महिने. कोर्स संपला, थुंकी साफ आली, की दार पुन्हा उघडते. पूर्वी कधी क्षयरोग होऊन बरा झालेला माणूसही जाऊ शकतो. त्याच्या फोटोत जुना व्रण दिसतो, म्हणून थुंकी तपासतात. अशा माणसाने उपचाराचे कार्ड, कोर्स पूर्ण झाल्याचा दाखला आणि जुने एक्स-रे जपून ठेवून बरोबर न्यावेत.

काही दलाल म्हणतात, "रिपोर्ट साफ करून देतो." त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्याची थुंकी किंवा खोटा कागद दिल्याचे उघड झाले, तर जन्मभराची बंदी येऊ शकते. क्षयरोगाने सहा महिने जातात, खोटेपणाने सगळेच जाते.

खोकला आजच दाखवा

"माका काय एक होऊक नाय, थंडेचो खोकलो आसा," असे म्हणत आपली माणसे महिनेच्या महिने काढतात. व्हिसाची फाईल असली की आणखीच. दुकानातून सिरप आणतात, खोकला दबतो, आत जंतू वाढत राहतो. दोन खोल्यांच्या घरात, खिडकी बंद करून झोपणाऱ्या पाच जणांत तो पसरायला वेळ लागत नाही. मग तपासणीच्या दिवशी आजी अडकते आणि नातवाच्या रक्ताचा अहवालही शंकेचा येतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणे, थुंकीतून रक्त. यांपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, मालवणचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पोषणासाठी सुरुवातीला महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. ते रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. वस्तीतल्या आशाताईंना सांगितले तरी त्या वाट दाखवतील. मधुमेह असलेल्याला क्षयरोगाचा धोका जास्त, म्हणून साखरही तपासून घ्या.

रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवायची गरज नाही. क्षयरोग भांड्यातून नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर फडके धरा, गोळ्या एक दिवसही चुकवू नका. विटाळ काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आजाराच्या नावाने तो आपल्याच घरात आणू नका.

लसी आणि इतर आजार

गोवर, धनुर्वात, कावीळ-ब, कांजिण्या अशा काही लसी वयानुसार लागतात. मुलांचे लसीकरण कार्ड सापडले तर पुन्हा टोचावे लागत नाही, म्हणून ते शोधून ठेवा. गरोदर बाईने हे डॉक्टरांना आधी सांगावे. तिला गोवराची लस देत नाहीत. छातीचा फोटो पोट झाकून काढता येतो किंवा बाळंतपणानंतरही काढता येतो.

रक्तदाब आणि साखर हे संसर्गाचे आजार नाहीत, पण मुलाखतीत अधिकारी एकूण तब्येतीचाही विचार करू शकतो. गोळ्या नियमित घ्या आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

मनाचेही बघा

लग्न होऊन नवरा परत गेलेला, सासरी राहून रोज फोनची वाट पाहणारी सून. निघायचेच आहे म्हणून नोकरी सोडलेला तरुण. झोप न लागणे, भूक मरणे, चिडचिड होणे, हे सगळे त्या वाट पाहण्यातून येते. अशा वेळी शेजाऱ्यांनी "कधी जातलंस?" हा एकच प्रश्न रोज विचारू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येते. नैराश्यावर उपचार घेतले म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असे वागणे आणि नशा यांकडे मात्र ते कडकपणे पाहतात.

व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर-जमीन विकू नका. दूतावासही हेच सांगतो. शिलाई, संगणक, इंग्रजी, जे शिकता येईल ते या काळात शिका.

कागदांची काळजी

अडलेल्या कागदानेही रक्तदाब वाढतो. आपल्याकडे बौद्ध पद्धतीने लग्न लागते, फोटो असतात, पण नोंदणी राहून जाते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपरिषदेत विवाह नोंदवता येतो. घरी जन्मलेल्या वडीलधाऱ्यांची जन्मनोंद नसेल, तर तसा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. नाव, आडनाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे सगळीकडे सारखी आहेत ना, ते पाहा. १६ वर्षांपुढच्यांना पोलीस दाखलाही लागतो.

ज्यांच्या घरात फाईल चालू आहे, त्यांनी या आठवड्यात दोन कामे करावीत. लसीकरणाची कार्डे आणि जुने एक्स-रे एका पिशवीत घालावेत. आणि घरात जो कुणी दोन आठवड्यांपासून खोकतो आहे, त्याला बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. व्हिसा कधी मिळेल हे आपल्या हाती नाही, पण थुंकीची तपासणी उद्या सकाळीही होऊ शकते. ज्यांच्या घरात फाईल नाही, त्यांनीही दुसरे काम करायला हरकत नाही.