थेंबही घेतला नाही, तरी झिंग!

केमोचं सलाईन संपतं, सिस्टर सुई काढतात आणि पलंगावरून उतरताना पाय नीट पडत नाहीत. चेहरा लालबुंद, डोकं हलकं, जीभ जराशी जड. सोबत आलेली जाऊ म्हणते, "अशक्तपणा आहे गं, सकाळपासून पोटात काही नाही ना!" जिला होतंय तिला मात्र वेगळंच वाटत असतं. पण बोलायचं कसं? जन्मात दारूला न शिवलेल्या बाईनं "मला चढल्यासारखं वाटतंय" असं चारचौघांत म्हणायचं?

म्हणायचं. कारण काही वेळा ते अगदी खरं असतं.

स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल ही औषधं नेहमी वापरली जातात. पॅक्लिटॅक्सेल सापडलं ते १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत. औषध गुणी, पण पाण्याशी त्याचं पटत नाही. हळद नुसत्या पाण्यात टाकली की तळाशी बसते आणि फोडणीत पडली की रंग सोडते, तसंच हे. म्हणून ते विरघळवतात एरंडेलापासून केलेल्या एका पदार्थात आणि अल्कोहोलमध्ये. (आजीचं एरंडेल इथंही आलंच!)

आता हिशेब बघा. नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या बाटलीत जवळपास निम्मं अल्कोहोल असतं. तीन आठवड्यांनी घ्यायचा डोस मध्यम बांध्याच्या बाईला साधारण २७० मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिलिटर औषध. त्यात २२ मिलिलिटर अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये २५ च्या आसपास असतं! अर्थात हे औषध तीन तासांत थेंबथेंब जातं, त्यामुळे अनेकींना काहीच जाणवत नाही.

डोसेटॅक्सेलमध्ये अल्कोहोल कमी असतं, पण तिथं गंमत वेगळी. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला, की या औषधानं नशा झाल्यासारखी लक्षणं दिसू शकतात. २०० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये कुणाच्या औषधात २ ग्रॅम अल्कोहोल होतं, तर कुणाच्या ६.४ ग्रॅम. औषध तेच, डोस तोच, फक्त कंपनी वेगळी. "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" याचं उत्तर कधी कधी इथं असतं.

त्यात अॅलर्जी होऊ नये म्हणून आधी जे इंजेक्शन देतात, त्यानंही गुंगी येते.

ही झिंग काही तासांत उतरते. सलाईनचा वेग कमी केला तरी फरक पडू शकतो, म्हणून सिस्टरना लगेच सांगा. छाती आवळली, दम लागला, अंगावर पित्तासारखं उठलं तर मात्र ती झिंग नव्हे, अॅलर्जी असू शकते. तिथं मिनिटभरही थांबू नका, हाक मारा.

आधीच सांगायच्याही काही गोष्टी आहेत. लिव्हरचा त्रास, फिट्स, किंवा पूर्वी असलेलं दारूचं व्यसन. हो, व्यसनातून बाहेर आलेल्या बायका आपल्याकडेही आहेत, आणि त्यांना हे डॉक्टरांशी बोलणं सगळ्यात अवघड जातं. पण ते सांगायलाच हवं. दारू सोडण्याच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. जुलाबासाठी आपण मेडिकलमधून सहज आणतो त्या मेट्रोनिडाझोलचंही तसंच. अल्कोहोलबरोबर ती घेऊ नये असा इशारा असतो. अल्कोहोल नसलेलं पॅक्लिटॅक्सेलही मिळतं. ते महाग पडतं आणि प्रत्येकीला लागतंच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

राहिला घरी जायचा प्रश्न. त्या दिवशी स्वतः स्कूटी चालवायची नाही. झोपेची किंवा जोराची वेदनाशामक गोळी न विचारता घ्यायची नाही. तास-दोन तास दवाखान्यातच बसा, एक एसटी चुकली तरी चालेल. आणि स्टँडवर पाय अडखळलाच, कुणी वळून पाहिलंच, तर सोबतच्या माणसानं हात धरावा आणि मोठ्यानं सांगावं, "औषधानं होतंय तिला, जरा जागा द्या."