घरच्या छायाचित्रांची जपणूक

पूर्वीं घरांतील छायाचित्रें मोजकीं असत. लग्नांतील एक गटाचें चित्र, भिंतीवर आजोबांची तसबीर, मुंजीबारशांचीं पांचपंचवीस चित्रें, एवढा सारा ऐवज जाड पानांच्या एका आल्बमांत मावत असे. आज घरोघरीं मोबाइल आहे, आणि त्यांत एकेका वर्षाचीं हजारों चित्रें सांठतात. तीं डोळ्यांना दिसतात, पण हाताला लागत नाहींत. तीं केवळ आंकड्यांच्या रूपानें असतात. हे आंकडे जपावे कसे, आणि त्यासाठीं घेतलेल्या बाह्य हार्ड डिस्कवर भरंवसा तरी किती ठेवावा, ह्याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम अशा चित्राचें स्वरूप समजून घेऊं. सन १९५७ मध्यें अमेरिकेंतील रसेल किर्श ह्या संशोधकानें आपल्या तान्ह्या मुलाचें एक लहानसें छायाचित्र संगणकांत उतरविलें. त्या चित्राच्या आडव्या १७६ व उभ्या १७६ अशा चौकटी पाडून प्रत्येक चौकट काळी कीं पांढरी, एवढेंच संगणकास सांगितलें होतें. आंकड्यांत लिहिलेल्या अगदीं पहिल्या छायाचित्रांत घरचेंच मूल असावें, हा योगायोग मोठा गोड आहे. आजच्या मोबाइलच्या चित्रांत अशा चौकटी १ कोटी २० लक्ष किंवा त्याहूनहि अधिक असतात. प्रत्येकीचा रंग आंकड्यांनीं लिहिलेला असतो, आणि हें सारें लिखाण दाबून बसविलें तरी एका चित्रास सामान्यतः ३ ते ४ मेगाबाइट जागा लागते.

ही जागा पुरविणारें साधन म्हणजे हार्ड डिस्क. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक ह्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्यांत ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या मोबाइलवरील एखादें चित्र तिच्यांत जेमतेम बसलें असतें. उलट आज तळहातावर राहणाऱ्या १ टेराबाइटच्या डबींत, दर चित्रास ४ मेगाबाइट धरल्यास, अडीच लक्ष चित्रें राहतात. सोय मोठीच झाली. परंतु घराचा सारा इतिहास एका डबींत आला, म्हणजे तो एकाच अपघाताच्या तडाख्यांतहि आला.

त्या डबींत काय चालतें तें पाहा. चकचकीत तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेंकते. येथें मात्र आंकडे वाचणारें व लिहिणारें टोंक टेंकत नाहीं, तें हवेच्या पातळ थरावर तरंगतें. तबकडीपासून त्याचें अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी असतें. चालू असतांना डबी टेबलावरून पडली, तर तें टोंक तबकडीवर आपटतें आणि तिच्यावरील चुंबकीय थर खरवडला जातो. पडली नाहीं, तरी फिरते भाग कालांतरानें झिजतातच. एस. एस. डी. नांवाच्या नव्या प्रकारांत फिरता भाग नसतो, म्हणून धक्क्याची भीति कमी. पण त्यांत आंकडे विद्युद्भाराच्या रूपानें राहतात, आणि डबी वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिली तर तो भार ओसरूं शकतो. दुकानदार देतो ती हमी डबीची असते, आंतील चित्रांची नव्हे. बिघडलेल्या डिस्कमधून चित्रें काढून देणारे तज्ज्ञ आहेत. परंतु त्यांचा खर्च मोठा असतो आणि यशाची खात्री कोणीच देत नाहीं.

कागदावरील चित्र पिवळें पडतें, कडा कुरतडल्या जातात, तरी माणूस ओळखूं येतो. तें हळूहळू जातें, आणि जातांना आपल्याला सांगून जातें. हार्ड डिस्क बहुधा सांगत नाहीं. काल चाललेली डबी आज उघडत नाहीं, आणि मग बाळाचें पहिलें पाऊल व वडिलांची शेवटची दिवाळी एकाच क्षणीं हातची जाते.

म्हणून एका समजुतीची दुरुस्ती सर्वांआधीं केली पाहिजे. पुष्कळ घरांत मोबाइल भरला म्हणजे त्यांतील चित्रें हार्ड डिस्कवर घालतात, मोबाइलमधून पुसून टाकतात, आणि आपण बॅकअप घेतला असें समाधान मानतात. हा बॅकअप नव्हे. हें नुसतें बिऱ्हाड बदलणें झालें. पूर्वीं प्रत एकच होती, आतांहि एकच आहे. बॅकअप म्हणजे मूळ शाबूत असतांना ठेवलेली दुसरी प्रत. आपल्याकडील जुने ग्रंथ टिकले ते कागद चिवट होता एवढ्यामुळेंच नव्हे. गांवोगांवीं त्यांच्या नकला उतरल्या गेल्या, म्हणून एका वाड्याची आग सगळ्या पोथ्यांना पुरी पडली नाहीं.

ह्याच तत्त्वाचा सुटसुटीत नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनीं प्रचारांत आणला: प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. घराबाहेर कां, हें मुंबईकरांस फार समजावून सांगावें लागूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशीं तळमजल्यावरील एकाच कपाटांत दोन हार्ड डिस्क असल्या, तरी पाण्याला त्या सारख्याच. एक डिस्क दुसऱ्या गांवीं बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवावी. ती तेथें सुरक्षित राहते, आणि त्यांनाहि चित्रें पाहावयास मिळतात.

इंटरनेटवरील सांठवण हीहि घराबाहेरचीच प्रत होय. परंतु तिची रीत नीट पाहून घ्यावी. कित्येक सेवा मोबाइल व दूरचें कोठार ह्यांचा मेळ राखतात. येथें पुसलेलें चित्र कांहीं दिवसांनीं तेथूनहि जातें. तो आरसा झाला, तिजोरी नव्हे. तसेंच व्हॉट्सअॅपवरून साधेपणीं आलेलें चित्र बहुधा आकारानें लहान केलेलें असतें. लग्नांतील महत्त्वाचीं चित्रें ज्यानें काढलीं त्याच्याकडून मूळ फाइलच मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट पडताळ्याची. १९९८ मध्यें पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' ह्या तयार होत असलेल्या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या आज्ञेनें भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, परंतु तो नीट चालत नाहीं, हें गरज पडली तेव्हांच कळलें. तंत्रविभागांतील गॅलिन सस्मन ह्या बाई घरीं तान्हें मूल असल्यामुळें घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकांत एक प्रत होती, तिनें चित्रपट तारला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गोष्ट, तर आपण गाफील राहून कसें चालेल? जी प्रत उघडून पाहिली नाहीं, ती आहे असें समजूं नये.

प्रत्यक्ष कृति अवघड नाहीं. दोन डिस्क घ्याव्या, शक्य तर दोन निराळ्या कंपन्यांच्या. प्रत्येक प्रसंगाचें फोल्डर वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमानें लिहावें, जसें '२०२४-०५-१२ नाशिक मुंज'. म्हणजे तीं आपोआप कालक्रमानें लागतात. नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या जुळवावी व प्रत्येक वर्षांतील चारदोन चित्रें उघडून पाहावीं. संगणकास 'डिस्क काढतों' अशी सूचना देऊनच ती काढावी. लिखाण अपुरें असतां ओढल्यास फाइली बिघडतात. काम संपल्यावर ती जोडून ठेवूं नये. विजेचा झटका किंवा फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा विषाणु जोडलेल्या प्रतीलाहि सोडीत नाहीं. पावसाळ्यांतील दमटपणापासून ती कोरड्या, बंद डब्यांत ठेवावी, आणि पांचसहा वर्षांनीं, ती चालत असतांनाच, चित्रें नव्या डिस्कवर उतरावीं.

पावसाळा सरल्यावर पोथ्यांना व रेशमी वस्त्रांना ऊन दाखविण्याची आपली जुनी रीत आहे, आणि खंडेनवमीला आपण घरांतील हत्यारें व अवजारें पुसून पुजतों. त्याच दिवशीं ह्या डबींनाहि बाहेर काढावें. घरांतील वडील मंडळींना जवळ बसवून चित्रें उघडावीं, आणि कोण कोण आहे त्यांचीं नांवें फोल्डरमध्यें लिहून ठेवावीं. आंकडे यंत्र जपतें. परंतु डावीकडून तिसरी उभी आहे ती कोणाची आत्या, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या स्मृतीची दुसरी प्रत कोठेंहि नसते. ती मात्र आजच उतरून घ्यावी.